पान्याचं तोंड आधी मोजा

रविवारी किंवा बुधवारी पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेलात, तर एखाद्या पथारीवर गंजक्या पान्यांचा ढीग हमखास दिसेल. बहुतेक लोक त्याच्यावरून नजर फिरवून पुढे जातात. पण अशा ढिगात एखाद्या वेळी असा पाना निघतो, जो सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी एखाद्या दोन माणसांच्या उघड्या स्पोर्ट्‌स कारच्या टूलबॉक्समधून इथवर आलेला असतो. तो हातात आल्यावर ओळखायचा कसा आणि त्याचे सोबती शोधायचे कसे, हे आपण टप्प्याटप्प्याने पाहू. गाड्यांचं आधीचं ज्ञान लागत नाही. व्हर्निअर कॅलिपर, वही आणि थोडी चिकाटी एवढी तयारी पुरते.

आधी शब्दाचा अर्थ. मूळ टूलकिट म्हणजे गाडी कारखान्यातून बाहेर पडताना कंपनीने तिच्यासोबत दिलेली हत्यारं: पाने, प्लग पाना, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, जॅक, ग्रीसगन, आणि ती ठेवायची कापडी किंवा रेक्झिनची वळकटी. पूर्वी गाडी रस्त्यात बंद पडणं ही रोजचीच गोष्ट होती आणि मालकाने प्लग, पॉइंट, चाक स्वतः काढावं असं कंपनी गृहीत धरायची. म्हणून ही हत्यारं दिली जात.

गाडी टिकली तरी किट टिकत नाही. रंग नवा देता येतो, सीट नव्या शिवता येतात, इंजिन बांधता येतं. पण गाडी गॅरेजमध्ये गेली की तिचे पाने मेकॅनिकच्या पेटीत मिसळतात, वळकटी कुजते, जॅक शेजारी मागून नेतो. चाळीस वर्षांत गाडीचे मालक चार वेळा बदलतात आणि प्रत्येक वेळी किटमधली एक-दोन हत्यारं मागे राहतात. त्यामुळे पूर्ण मूळ किट असलेली जुनी गाडी फार कमी दिसते, आणि जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात जाणकार माणूस डिकी उघडून आधी तेच पाहतो.

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात राहणाऱ्यांना या कामात एक सोय आहे. इथे घरटी एक माणूस तरी टर्नर, फिटर, टूलरूम किंवा क्वालिटीत काम केलेला असतो. फोर्जिंग म्हणजे काय, प्लेटिंग कसं दिसतं, अर्ध्या मिलिमीटरचा फरक किती मोठा असतो, हे त्याला शिकवावं लागत नाही. मी स्वतः भोसरीतल्या एका टूलरूममध्ये बरीच वर्षं काढली आणि या छंदात जे काही जमलं ते त्या कामामुळेच जमलं, असं मला मनापासून वाटतं.

पहिला टप्पा घरातलाच आहे. थेट स्पोर्ट्‌स कारपासून सुरुवात करू नका. आपल्या किंवा काकांच्या घरी बंद पडलेली जुनी स्कूटर असेल तर तिची डिकी उघडा. बजाजचा पियाज्जिओशी असलेला व्हेस्पाचा करार १९७१मध्ये संपला आणि १९७२पासून आकुर्डीच्या कारखान्यातून चेतक बाहेर पडू लागली. पुढे कितीतरी वर्षं ती बनत होती. त्यामुळे आपल्या भागात जुन्या स्कूटरच्या किट अजून सापडतात, आणि मुख्य म्हणजे त्या स्वस्त आहेत. शिकताना चूक झाली तरी खिशाला झळ बसत नाही.

त्या किटमधला नळीसारखा प्लग पाना घ्या आणि मोजा. तोंड २१ मिलिमीटरचं येईल, कारण त्या काळच्या प्लगचा षट्‌कोन तेवढाच असतो. चाकाचे नट १३च्या पान्याने सुटतात. आता शेजाऱ्याच्या स्कूटरची किट आणून बाजूला ठेवा. अक्षरांचा ठसा, दांड्याची जाडी, वरचं पाणी, काहीतरी वेगळं दिसेलच. ‘एकाच गाडीच्या दोन किट वेगळ्या का?’ हा प्रश्न पडला की आपण खऱ्या कामाला लागलो. उत्तर साधं आहे. कंपनी हत्यारं सहसा स्वतः बनवत नाही, बाहेरून घेते, आणि पुरवठादार बदलत राहतात.

दुसरा टप्पा, एकच गाडी निवडायची. ‘जुन्या स्पोर्ट्‌स कारचे पाने’ गोळा करायला निघाल तर घरात भंगार साठेल. एक मॉडेल, शक्य तर एक वर्ष धरा. गाडी स्वतःची असलीच पाहिजे असं नाही. ओळखीत कुणाकडे एमजी किंवा जॅग्वार असेल आणि तिची किट हरवलेली असेल, तर तिच्यासाठी शोधणं हेही मोलाचं काम आहे.

निवडलेल्या गाडीचा चॅसिस नंबर लिहून घ्या. चॅसिस नंबर म्हणजे सांगाड्यावर कोरलेला तिचा कायमचा ओळख क्रमांक. हा कशाला, तर कंपन्या मॉडेल चालू असतानाच किट बदलत. पार्ट्‌स बुकात ‘अमुक क्रमांकापासून पुढे’ अशी नोंद असते. नंबर माहीत नसेल तर आपण बरोबर पाना चुकीच्या गाडीसाठी घेऊन बसतो.

तिसरा टप्पा यादीचा, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच घसरतात. आधी खरेदी करतात, मग यादी शोधतात. दोन पुस्तकं लागतात. पहिलं मालकाला मिळणारं हँडबुक, ज्यात बहुधा हत्यारांची नुसती नावं असतात. दुसरं कंपनीचं पार्ट्‌स बुक, ज्यात प्रत्येक हत्याराचा क्रमांक आणि अनेकदा चित्रही असतं. हँडबुकात ‘डबल एंडेड स्पॅनर, ३ नग’ एवढंच असेल, पण कोणत्या मापाचे ते पार्ट्‌स बुक सांगतं. जुन्या गाड्यांच्या बऱ्याच पुस्तकांच्या पुनर्मुद्रित प्रती मिळतात. वहीत एका पानाला एक हत्यार अशी नोंद सुरू करा.

यादी किती सूक्ष्म बोलते याचं एक उदाहरण घेऊ. एमजी कंपनीची टीसी ही गाडी १९४५ ते १९४९मध्ये बनली. तिला तारांची चाकं होती. चाक मधल्या एकाच मोठ्या पंखवाल्या नटाने बसायचं आणि तो नट हातोडीने ठोकून सोडवायचा. म्हणून टीसीसोबत मऊ तोंडाची हातोडी लागायचीच, कारण लोखंडी हातोडीने नटाचे पंख खराब होतात. तिच्यानंतर आलेल्या टीडीला मात्र पत्र्याची चाकं आली, साध्या नटांनी बसणारी. तिथे व्हील पाना लागतो, हातोडी नाही. दोन्ही गाड्या एका घराण्यातल्या, इंजिनही जवळपास तेच, पण हातोडी नसलेली टीसीची किट अपुरी आणि टीडीच्या किटमध्ये हातोडी दिसली तर ती कुणीतरी नंतर टाकलेली. विकणारा हे सांगणार नाही. बऱ्याचदा त्यालाही माहीत नसतं.

आता चौथा टप्पा, मोजणीचा. इथे जरा थांबू या, कारण माझ्या मते ओळखण्याचं निम्मं काम इथेच होतं. पान्यावरची चकाकी, नाव, गंज हे सगळं नंतर. आधी तोंड मोजा.

जुन्या गाड्यांच्या जगात मापांच्या तीन पद्धती आहेत. आपल्या गॅरेजमध्ये ‘इंची पाना’ आणि ‘एमएम पाना’ असे दोनच शब्द चालतात, पण इंचीच्या पोटात दोन वेगळ्या जाती आहेत आणि घोळ तिथेच होतो.

पहिली जात व्हिटवर्थ. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रकाराने १८४१मध्ये आट्यांचं, म्हणजे बोल्टवरच्या मळसूत्री खाचांचं, एक प्रमाण ठरवून दिलं. या जातीच्या पान्यावर लिहिलेला आकडा तोंडाचा नसतो, बोल्टच्या दांड्याचा असतो. १/४ असं लिहिलेला व्हिटवर्थ पाना पाव इंच जाडीच्या बोल्टसाठी असतो. त्याचं तोंड मोजलं तर ०.५२५ इंच, म्हणजे सुमारे १३.३ मिलिमीटर येतं. पाव इंच म्हणजे जेमतेम ६.३५ मिलिमीटर. नवख्या माणसाला वाटतं की आकडाच चुकीचा छापला आहे.

त्याच पान्यावर पुष्कळदा ५/१६ बीएसएफ असंही लिहिलेलं असतं. बीएसएफ म्हणजे बारीक आट्यांचं ब्रिटिश प्रमाण. त्याच्या बोल्टची डोकी एक माप लहान असतात, म्हणून एकच तोंड दोन आकड्यांना चालतं. हे दोन आकडे शेजारी दिसले की तो पाना ब्रिटिश घराण्यातला समजायला हरकत नाही.

दुसरी जात एएफ. यात आकडा सरळ तोंडाचा असतो, षट्‌कोनाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर. १/२ एएफ म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर, आपल्या जुन्या फिटरच्या भाषेत चार सूत. १९४८मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी आट्यांचं एकच प्रमाण मान्य केलं आणि १९५०च्या दशकात ब्रिटिश गाड्या हळूहळू या जातीकडे वळल्या.

तिसरी जात मेट्रिक, जी आज आपण रोज वापरतो. जर्मन, इटालियन, फ्रेंच गाड्या पहिल्यापासून याच मापाच्या.

आता हे तीन आकडे शेजारी ठेवा: १२.७, १३ आणि १३.३. अर्धा इंच एएफ, तेरा मिलिमीटर आणि पाव इंच व्हिटवर्थ. नुसत्या डोळ्यांना तिन्ही पाने सारखेच दिसतात. तिन्ही एकाच नटाच्या आसपास बसल्यासारखे वाटतात. म्हणूनच आपल्याकडे जुन्या एमजीच्या किटमध्ये तेराचा पाना सर्रास सापडतो. कुठल्यातरी मेकॅनिकने काम भागवलं आणि पाना तिथेच राहिला. असा पाना नटाचे कोपरे गोल करतो, आणि किटमध्ये तर तो परकाच.

मोजताना एक काळजी घ्या. तोंड नटापेक्षा किंचित मोठं केलेलं असतं, आणि जुना पाना वापराने आणखी फाकतो. म्हणून तोंडाच्या टोकाशी मोजू नका, आतल्या बाजूला, जिथे झीज कमी असते तिथे मोजा. दोन-तीनदा मोजा आणि सगळ्यात लहान आकडा धरा.

या टप्प्यावरचा एक चकवा मला फार आवडतो. युद्धोत्तर एमजी टी मालिकेच्या १२५० सीसी इंजिनात आटे मेट्रिक आहेत, पण बोल्टची डोकी व्हिटवर्थ मापाची! कारण असं की एमजी ज्या घराण्यातली, त्या मॉरिसने १९२३मध्ये कॉव्हेन्ट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंजिन कारखाना विकत घेतला. तिथली यंत्रसामग्री मेट्रिक आटे पाडणारी होती. यंत्रं बदलण्यापेक्षा आटे तसेच ठेवले आणि इंग्लंडमधल्या मेकॅनिककडे जे पाने होते ते बसावेत म्हणून डोकी मात्र ब्रिटिश मापाची केली. तेव्हा कुणी ‘इंजिन मेट्रिक आहे, मग किटमध्येही मेट्रिक पाने हवेत’ असं ठामपणे सांगितलं, तर त्याचं पहिलं वाक्य बरोबर आणि दुसरं चूक आहे.

आपल्या रस्त्यांवरही हे सगळं नांदत होतं. अॅम्बेसेडर मॉरिस घराण्यातली, म्हणून इंची. फियाट, जी पुढे प्रीमियर पद्मिनी झाली, ती इटालियन घराण्यातली, म्हणून एमएम. जुन्या गॅरेजवाल्याकडे दोन्ही संच असायचे आणि दिवसभर ते एकमेकांत मिसळायचे. जुन्या बाजारात आज आपल्याला जो ढीग दिसतो, तो त्या मिसळण्याचा शेवट आहे.

माप जुळलं की पाचवा टप्पा, घडण वाचायची. चांगला पाना घडीव असतो. तापवून लाल केलेला पोलादाचा तुकडा दोन साच्यांमध्ये ठेवून वरून घणाचा आघात करतात. जास्तीचं पोलाद साच्यांच्या फटीतून बाहेर येतं, ते नंतर छाटतात. पान्याच्या कडेने बोट फिरवा. छाटलेल्या जागी एक रुंदशी, किंचित खरबरीत पट्टी जाणवेल. ओतीव हत्याराला तिथे पातळ, शिवणीसारखी रेघ असते आणि अंगावर बारीक दाणे दिसतात.

मग अक्षरं पाहा. जुन्या घडीव पान्यांवर कंपनीचं नाव बरेचदा उठावाचं असतं, कारण अक्षरं साच्यातच कोरलेली असत. त्यांच्या कडा वापराने गोल झालेल्या असतात, पण पायथ्याशी अजून स्वच्छ असतात. ठशाने खोलवर मारलेली अक्षरं असतील तर ठशाभोवती धातू जरासा वर आलेला जाणवतो. लेझरने लिहिलेलं असेल तर अक्षरं सगळीकडे एकसारख्या खोलीची, करडी आणि कोरडी दिसतात. चाकणच्या कुठल्याही पार्टवर अशी अक्षरं आपण पाहिलेली असतील.

नकली माल ओळखायची एक युक्ती टूलरूमच्या माणसाला लगेच पटेल. मूळ पाना नमुना म्हणून वापरून, त्याचाच साचा काढून नवा ओतला, तर थंड होताना पोलाद आक्रसतं. हे आक्रसणं साधारण दोन टक्के असतं. मूळ पाना दीडशे मिलिमीटर लांब असेल तर ओतलेली नक्कल सुमारे तीन मिलिमीटरने आखूड भरते. तोंड घासून मापात आणता येतं, पण लांबी वाढवता येत नाही. म्हणून वहीत लांबी नक्की लिहा. खात्रीचा मूळ पाना कुठे पाहायला मिळाला तर सगळ्यात आधी त्याची लांबी आणि दांड्याची जाडी टिपून घ्या. पुढे पन्नास ठिकाणी ती उपयोगी पडते.

आणखी एक साधी परीक्षा आहे. पाना दोऱ्याला टांगून दुसऱ्या पान्याने हलकेच टिचकी द्या. घडीव पोलाद खणखणीत, लांबत जाणारा आवाज देतं. ओतीव बहुधा बद्द वाजतं. एकट्या आवाजावर निकाल देऊ नका, पण इतर खुणांना तो दुजोरा देतो.

सहावा टप्पा नावांचा आणि देशांचा. जर्मन गाड्यांच्या किटमध्ये हाझेट हे नाव वारंवार भेटतं. रेमशाइड गावात १८६८मध्ये हेर्मान त्सेर्फर यांनी ही कंपनी काढली. त्यांच्या आद्याक्षरांचा जर्मन उच्चार जोडला की हाझेट होतं. याच कंपनीने फोक्सवॅगन बीटलसाठी एक गोल डबी केली होती, स्टेपनीच्या मधल्या खोलगट भागात बसणारी, आत हत्यारं रचलेली. ती गाडीसोबत फुकट येत नसे, वेगळी विकत घ्यावी लागे. म्हणजे ती असली तर गाडीच्या काळातली शोभा, पण कारखान्याने दिलेल्या किटचा भाग नव्हे. हा भेद संग्राहक विसरतात. चाकणला २००९पासून फोक्सवॅगनचा कारखाना आहे, तरी ती डबी इथे प्रत्यक्ष पाहिलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

देशाचं नाव तारीख सांगतं. ‘वेस्ट जर्मनी’ असं लिहिलेला पाना १९४९ ते १९९० या काळातलाच, कारण त्याआधी आणि त्यानंतर त्या नावाचा देश नव्हता. १९४५ ते १९४९मध्ये ‘यूएस झोन जर्मनी’ असेही ठसे पडत. आता कुणी बीएमडब्ल्यू ३२८ची, म्हणजे १९३६ ते १९४०मधल्या गाडीची, किट दाखवली आणि तिच्यात ‘वेस्ट जर्मनी’चा पाना निघाला, तर तो नंतरचा हे सांगायला कुणा तज्ज्ञाची गरज नाही. तसंच आपल्याकडे भारतीय मानक संस्था १९४७मध्ये निघाली. त्यामुळे आयएसआयचा शिक्का असलेला पाना युद्धापूर्वीच्या किटमध्ये असणं शक्यच नाही.

सातवा टप्पा, वरचा थर आणि गंज. कुठल्या हत्यारावर काळा फॉस्फेटचा थर, कुठे निकेल, कुठे क्रोम, कुठे कॅडमियम, हेही मूळ किटचं अंग आहे. साधा काळा पाना जिथे होता तिथे चकचकीत क्रोमचा पाना बसवला तर माप बरोबर असूनही किट बिघडते. आणि खरा जुना गंज एकसारखा नसतो. अक्षरांच्या कोनाकोपऱ्यात तो दाट आणि घट्ट बसलेला असतो, हात लागणाऱ्या जागी घासून गेलेला असतो. आम्ल किंवा मीठ लावून चढवलेला गंज सगळीकडे सारखा, भगवट आणि बोटाला लागणारा असतो.

इथे माझी एक चूक सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत मला एक छान जुना स्क्रू ड्रायव्हर मिळाला होता. घरी आणला आणि मशीनवरच्या तारांच्या ब्रशने पाच मिनिटांत लख्ख केला. गंज गेला, त्याच्यासोबत मूळचा थर गेला आणि ठशातली बारीक अक्षरंही पुसली गेली. ते हत्यार कुणाचं होतं हे आता कळायला मार्ग नाही. त्याची खंत अजून वाटते. आपण असं करू नका. रॉकेलमध्ये किंवा पातळ तेलात रात्रभर बुडवून ठेवा, मऊ कापडाने पुसा, अक्षरांत दात घासायचा जुना ब्रश फिरवा आणि तिथेच थांबा. जुना थर कॅडमियमचा असू शकतो आणि त्याची धूळ फुफ्फुसाला घातक आहे, म्हणूनही पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर लावायचा नाही.

आठवा टप्पा शोधाचा. पुण्यात जुना बाजार आणि नाना पेठेतली स्पेअर पार्टची जुनी दुकानं, मुंबईत चोर बाजार आणि कुर्ला. पिंपरी-चिंचवडमध्ये कुदळवाडी-चिखलीतली भंगाराची गोदामं ही मोठी जागा होती. फेब्रुवारी २०२५मध्ये महापालिकेने तिथली बांधकामं पाडली आणि व्यापारी विखुरले. तेव्हा ओळखीचे भंगारवाले आता कुठे बसतात हे विचारत जावं लागतं. पण माझा अनुभव असा की सगळ्यात चांगली हत्यारं दुकानात मिळत नाहीत. कॅम्पात, खडकीत, देहू रोडला जुनी गॅरेजेस आहेत. वडिलांची पेटी मुलाने कोपऱ्यात ठेवलेली असते. तिथे जाऊन चहा प्यायचा, पेटी पाहू द्याल का असं विचारायचं.

‘मामा, तुमच्या वडिलांनी कुठल्या गाड्यांवर काम केलं?’ हा प्रश्न भावापेक्षा आधी विचारा. त्यांनी ‘मिलिटरीतल्या एका साहेबांची उघडी एमजी असायची’ असं सांगितलं, तर त्या पेटीतला प्रत्येक पाना वेगळ्या नजरेने पाहावा लागतो. ते वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवा. हत्यार कुठून आलं याची माहिती हत्याराइतकीच महत्त्वाची असते.

फोटोवरून खरेदी करायची वेळ आली तर तीन फोटो मागा: पट्टीशेजारी ठेवलेला पूर्ण पाना, दोन्ही बाजूंची अक्षरं जवळून, आणि कड. यातला एकही द्यायला विक्रेता टाळाटाळ करत असेल तर सोडून द्या. आणि ‘पूर्ण मूळ किट’ म्हणून वळकटीसकट सगळं एकदम कुणी देत असेल तर अधिक सावध राहा. वळकटीच्या कप्प्यांत वर्षानुवर्षं ठेवलेल्या हत्यारांचे डाग, दाबाच्या खुणा पडतात. पान्याचा आकार आणि कापडावरचा डाग जुळतात का ते पाहा. नव्या वळकटीत जुने पाने असले तर ते गैर नाही, नव्याने शिवलेल्या वळकट्या उघडपणे विकल्या जातातच. पण नवी आहे हे सांगून विकली पाहिजे.

आपल्या पट्ट्यात उद्याच्या जुन्या गाड्यासुद्धा आहेत, हे ध्यानात ठेवा. मर्सिडीज-बेंझने भारतातली पहिली गाडी १९९५मध्ये पिंपरीत, टेल्कोच्या आवारात जोडली. ती डब्ल्यू १२४ मालिकेतली ई-क्लास. २००९मध्ये त्यांचा कारखाना चाकणला गेला. या गाड्यांचं चाक नटाने नाही तर बोल्टने बसतं. जड चाक हबवर धरून भोकं जुळवणं अवघड, म्हणून किटमध्ये एक आटे असलेली लांब खुंटी असते. ती आधी हबमध्ये फिरवायची, चाक तिच्यावर अडकवायचं, मग बोल्ट लावायचे. टायरवाल्याकडे सगळ्यात आधी हरवते ती हीच खुंटी. असली गाडी भंगारात निघताना दिसली तर डिकीतली किट वाचवा. आज तिला कुणी विचारत नाही, म्हणूनच ती आज मिळते.

शेवटचा टप्पा जपणुकीचा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा ओली असते आणि वळकटीचं कापड ओल धरून ठेवतं. चामड्याची वळकटी तर पोलादाला डागच पाडते. म्हणून दाखवण्यापुरती हत्यारं वळकटीत ठेवा, एरवी वेगळी. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत पार्ट पॅक करताना पिवळसर रंगाचा व्हीसीआय कागद वापरतात. त्यातून निघणारी वाफ धातूवर बसून गंज रोखते. पॅकिंगच्या सामानाच्या दुकानात तो मिळतो. हत्यार कोरडं पुसून त्या कागदात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा आणि दर पावसाळ्यापूर्वी कागद बदला.

प्रत्येक हत्याराला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधा: माप, लांबी, ठसा, कुठे मिळालं, कुणाकडून, कोणत्या तारखेला. खात्री नसेल तर चिठ्ठीवर तसंच लिहा. आणि वळकटीतला एखादा कप्पा वर्षानुवर्षं भरला नाही तर केवळ मापाला बसतो म्हणून दुसरा पाना त्यात खुपसू नका. माझ्या टीडीच्या वळकटीत असा एक कप्पा आहे. त्यात मी यादीतला क्रमांक आणि ‘३/१६ व्हिटवर्थ, तोंड ११.३’ असं लिहिलेली चिठ्ठी ठेवली आहे, आणि रविवारी जुन्या बाजारात जाताना तिची एक प्रत खिशात असते.